समुद्रतळीचे लोखंड

भिलाईत राहणाऱ्या माणसाने समुद्रात बुडालेल्या जहाजांविषयी बोलावे, हे पुष्कळांना चमत्कारिक वाटेल. येथून पूर्वेचा समुद्र शेकडो मैल दूर, पश्चिमेचा त्याहूनही दूर. मोठे पाणी म्हणून आम्हांस ठाऊक असलेले ते शिवनाथ नदीचे आणि मरोद्याच्या जलाशयाचे. तथापि या गावाचा समुद्राशी संबंध वाटतो तितका परका नाही. १९५९ च्या फेब्रुवारीत राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पहिली झोतभट्टी सुरू झाली. तेव्हापासून दल्ली-राजहराच्या डोंगरांतला तांबडा दगड येथे येतो, त्यातला प्राणवायू भट्टीत काढून घेतला जातो, आणि उरलेले लोखंड रूळ होऊन, जाड पत्रे होऊन देशभर जाते. २०२२ साली नौदलात दाखल झालेल्या ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेच्या पोलादात भिलाईचाही वाटा आहे. माझे आयुष्य या लोखंडाच्या सहवासात गेले. समुद्र पुढे त्याचे काय करतो, हे मात्र मला फार उशिरा समजले, आणि तेही माझ्याच एका चुकीमुळे.

गोष्ट तशी साधी आहे. माझे आजोळ रत्नागिरी जिल्ह्यात, एका खाडीच्या मुखाशी आहे. काही वर्षांपूर्वी सुटीत तेथे गेलो असता मामांनी मला परसात नेले. शेजारच्या एका तांडेलाच्या जाळ्यात समुद्रातून एक जडशीळ गोळा आला होता; शिंपा, वाळू आणि चुनखडी यांचे जाड कवच त्यावर चढले होते. हातोड्याने कवच फोडल्यावर आतून नारळाएवढा काळाभोर तोफगोळा निघाला. इतका गुळगुळीत, की ओताच्या साच्याची शिवणदेखील त्यावर दिसत होती. मामा म्हणाले, “तू लोखंडातला माणूस. याचे काय करायचे ते तूच सांग.” मी मोठ्या ऐटीत सांगितले, “काही नाही, दोन दिवस उन्हात वाळवा आणि वर तेलाचा हात फिरवा. शंभर वर्षे काही होणार नाही.”

आठव्या दिवशी गोळ्याला पहिली भेग पडली. मग त्याच्या अंगावर घाम फुटावा तसे पिवळट थेंब दिसू लागले. दिवाळीपर्यंत कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर सुटू लागले, आणि पुढच्या वर्षी मी गेलो तेव्हा मामींनी मला एक टोपली दाखवली. तीत तांबड्या-काळ्या चिपांचा ढीग होता. शतकानुशतके समुद्राने सांभाळलेली वस्तू मी एका वर्षात संपवली होती.

असे का झाले, ते सांगतो. जुन्या काळचे तोफगोळे आणि पुष्कळशा लोखंडी तोफा बिडाच्या ओतलेल्या असत. आपल्या घरी घावन-डोशासाठी जो बिडाचा तवा असतो, त्याच जातीचे हे लोखंड. बिडात शंभर भागांमागे तीन-चार भाग कार्बन असतो, आणि तो बहुतांशी ग्राफाइटाच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपाने धातूत सर्वत्र पसरलेला असतो. पेन्सिलीतले शिसे म्हणतात तेच हे ग्राफाइट. खाऱ्या पाण्यात बिडातले लोखंड हळूहळू विरघळून निघून जाते. ग्राफाइट मात्र जागच्या जागी राहते. परिणामी वस्तूचा आकार, तिच्यावरची अक्षरे, ओताची शिवण, सगळे जसेच्या तसे दिसते. पण आत धातू थोडा आणि ग्राफाइटाची जाळी फार, अशी अवस्था होते. अशी तोफ वरवर शाबूत दिसते, आणि तिच्या पृष्ठभागात चाकूचे पाते रुतते. जाळीच्या पोकळ्यांतून समुद्रातले क्षार, विशेषतः क्लोराइडे, ठासून भरलेली असतात. पाण्याखाली प्राणवायू थोडा, त्यात भोवती चुनखडीचे कवच. त्यामुळे ही क्रिया अतिशय मंद चालते. वस्तू वर आणून वाळवली, की हवेतला प्राणवायू एकदम आत शिरतो, क्षार आम्ल निर्माण करतात, गंज फुगतो, आणि आतून दाब येऊन वस्तू फुटते. हा गंज कधी कधी इतक्या वेगाने चढतो, की नुकताच वर काढलेला गोळा हाताला गरम लागतो. ज्या तांबड्या दगडापासून आम्ही भिलाईत लोखंड काढतो, तोही लोखंड आणि प्राणवायू यांचाच संयोग. भट्टीने मोडलेला तो संबंध मामांच्या परसात पुन्हा जुळला. आणि मी तेलाची बाटली घेऊन नुसता पाहत राहिलो.

या प्रसंगानंतर मी बुडालेल्या जहाजांविषयी मिळेल ते वाचू लागलो, आणि पन्नाशी उलटल्यावर मालवणजवळ तारकर्लीला जाऊन पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली उतरायलाही शिकलो. ज्याला स्कूबा म्हणतात ते हे साधन १९४३ साली फ्रान्समध्ये जाक कूस्तो आणि एमील गान्यां यांनी सिद्ध केले. पूर्वीचा पाणबुड्या पितळी शिरस्त्राण घालून, वरून येणाऱ्या नळीच्या आधाराने तळावर चालत असे. या साधनाने तो मोकळा झाला आणि माशासारखा आडवा तरंगू लागला. यातले मर्म टाकीपेक्षा तोंडाशी असलेल्या झडपेत आहे. भोवतालच्या पाण्याचा जेवढा दाब, तेवढ्याच दाबाची हवा ती झडप दर श्वासाला देते. म्हणून छाती पाण्याखाली चेपली जात नाही.

उथळ पाणी म्हणजे निर्धास्त पाणी, असा एक समज आहे. मलाही तसेच वाटत असे. वस्तुतः दहा मीटर खाली गेले, की दाब पृष्ठभागावरच्या दुप्पट होतो. पुढच्या प्रत्येक दहा मीटरला तो तेवढ्याच मापाने वाढतो खरा, पण दुप्पट होण्याचा सर्वांत मोठा फरक पहिल्या दहा मीटरांतच घडून गेलेला असतो. तेवढ्या खोलीवर छातीभर श्वास घेऊन तो रोखून धरला आणि माणूस घाबरून वर आला, तर त्याच हवेला दुप्पट जागा लागते, फुप्फुस फाटते. म्हणून शिकवणारा पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट घोकून घेतो : श्वास कधीही रोखू नका, आणि सावकाश वर या. माझ्या शिक्षकाचे वय माझ्या मुलाएवढे होते; पण पाण्याखाली त्याने बोट दाखवले, की मी शाळकरी पोरासारखा ऐकत असे.

थंड समुद्रात आणखी एक शत्रू असतो. हवेच्या मानाने पाणी अंगातली उष्णता सुमारे पंचवीस पट वेगाने ओढून घेते. आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या कोमट पाण्यात त्याची जाणीव उशिरा होते. पण इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, जेथे हिवाळ्यात समुद्राचे पाणी दहा अंशांच्याही खाली जाते, तेथे जाड रबरी पोशाख, किंवा पाणी मुळीच आत न येणारा कोरडा पोशाख, यांवाचून काम होत नाही. बोटांत जाड हातमोजे. त्यामुळे पट्टीवरचे माप वाचणे आणि पाटीवर ते लिहिणे ही साधी कामेही जड होतात. थंडी प्रथम बोटांना बधिर करते, मग विचाराला. बुडालेल्या जहाजावर काम करणाऱ्याचे मुख्य काम तर मोजणे आणि लिहिणे हेच असते. चुकीचे माप घेऊन वर येण्यापेक्षा लवकर वर आलेले बरे, हे त्याला शिकावे लागते.

इतके कष्ट करून थंड पाण्यात माणसे उतरतात, कारण थंड पाणी पुष्कळ काही राखून ठेवते. याचे उत्तम उदाहरण म्हणजे ‘मेरी रोज’. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याची ही युद्धनौका १९ जुलै १५४५ रोजी पोर्ट्समथच्या समोर, फ्रेंच आरमाराशी लढाई चालू असता, किनाऱ्यावरील लोकांच्या देखत बुडाली. पाचशेच्या आसपास माणसांपैकी चाळीसही वाचली नाहीत. जेथे ती बुडाली तेथे पाणी बारा-चौदा मीटरच. १८३६ साली कोळ्यांची जाळी तळाशी अडकू लागली, तेव्हा डीन नावाच्या भावांनी शिरस्त्राण घालून तळ गाठला आणि काही तोफा काढल्या. मग जागा पुन्हा विस्मरणात गेली. १९७१ साली हौशी पाणबुड्यांना चिखलातून डोकावणारी लाकडे दिसली. पुढच्या कामाच्या प्रमुख मार्गारेट रूल या आधी जमिनीवरचे उत्खनन करीत. आपल्या हाताखालची माणसे काय पाहतात ते स्वतः पाहता यावे, म्हणून त्या चाळिशी उलटल्यावर बुडी मारायला शिकल्या. हे वाचून मला किती धीर आला, ते सांगायला नकोच.

अकरा वर्षांत त्या ठिकाणी सुमारे अठ्ठावीस हजार बुड्या मारल्या गेल्या. ११ ऑक्टोबर १९८२ रोजी जहाजाचा सांगाडा वर काढला तेव्हा दिसले, की उजवी बाजू जवळजवळ शाबूत आहे आणि डावी बाजू नाहीशी झाली आहे. जहाज उजव्या कुशीवर कलंडले होते. जी बाजू गाळात रुतली तिला प्राणवायू मिळाला नाही, म्हणून ती टिकली; जी उघडी राहिली ती किड्यांनी खाल्ली आणि प्रवाहाने नेली. गाळात धनुष्ये सापडली, वैद्याची पेटी सापडली, लाकडी कंगवे सापडले. त्या कंगव्यांच्या दातांत खलाशांच्या डोक्यातल्या उवादेखील होत्या. एका लहानशा कुत्र्याचा सांगाडाही सापडला. राजाच्या बखरीत या गोष्टींना जागा नसते.

स्वीडनची ‘वासा’ ही नौका याहूनही नशीबवान. ती १६२८ साली पहिल्याच सफरीत, स्टॉकहोमच्या बंदरातच बुडाली आणि १९६१ साली जवळजवळ सबंध वर निघाली. त्या समुद्रात खारेपणा इतका कमी, की लाकूड पोखरणारा शिपवर्म नावाचा जीव तेथे जगतच नाही. नाव किड्याचे असले, तरी हा जीव शिंपल्याच्या कुळातला आहे. कोकणातले जुने नावाडी गलबताच्या तळाला चुना आणि तेल यांचा लेप देत, तो याच शत्रूच्या धाकाने.

आता आपल्या किनाऱ्याकडे वळू. येथे पाणी उबदार आणि खारे. लाकडाला शत्रू अगणित. गोव्यात मांडवी आणि जुवारी या नद्यांच्या मुखांशी शतकानुशतके जहाजांची ये-जा होती. पावसाळ्यात मांडवीचे मुख वाळूच्या दांड्यामुळे बंद पडे, तेव्हा जहाजे मुरगावच्या आश्रयाला येत. आणि या परिसरात पाण्याखाली खडकांची काही कमतरता नाही. १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था दोना पावला येथे आहे. डॉ. एस. आर. राव यांनी तेथे सागरी पुरातत्त्वाच्या कामाचा पाया घातला, आणि त्याच परंपरेतल्या संशोधक-पाणबुड्यांनी गोव्याजवळच्या खडकांचा शोध घेतला.

दोना पावला आणि मुरगाव यांच्या दरम्यान सुंची नावाचा खडक आहे. तेथे पाणी अवघे तीन ते सहा मीटर. एवढ्या उथळ जागी लाटेचा हेलकावा तळापर्यंत पोचतो. पाणबुड्या माप घेण्यासाठी हात पुढे करतो, आणि पाणी त्याला हातभर मागे नेते. नद्यांच्या गाळाने दृष्टी धूसर. येथे जहाजाचा लाकडी सांगाडा म्हणावा असे काही उरलेले नाही. उरले ते लाकूड नव्हे असे सारे : लोखंडी तोफा, घडीव दगडांचे चिरे, शिशाची नळी, विटांचे तुकडे, चिनी मातीची भांडी, आफ्रिकी हत्तींचे दात आणि पाणघोड्यांचे दात. त्यांवरून अभ्यासकांनी हे सतराव्या शतकाच्या प्रारंभीचे पोर्तुगीज जहाज असल्याचे अनुमान केले आहे. पाणघोडा हा आपल्या देशातला प्राणी नव्हे; त्याच्या एका दातात आफ्रिकेच्या किनाऱ्याचा व्यापार उभा राहतो. तेथेच मर्तबान जातीच्या रांजणांचे तुकडे मिळाले. छत्तीसगडातल्या माझ्या शेजारणी लोणच्याच्या बरणीला मर्तबान म्हणतात, तो शब्द ब्रह्मदेशातल्या त्याच नावाच्या बंदरावरून आला. भिलाईच्या फडताळातला शब्द गोव्याच्या समुद्रतळावर सापडावा, याची मला मौज वाटते.

त्याच परिसरातला सेंट जॉर्ज खडक वेगळी गोष्ट सांगतो. तेथे सापडली मंगलोरी कौले, फरशा, विटा, नळ, इतकेच नव्हे तर ग्रीक धाटणीच्या खांबांची भाजक्या मातीची नक्षीदार शिरे. आणि त्यांवर बासेल मिशनच्या कौलांच्या कारखान्याचा छाप, खाली १८६५ हे साल. पाहणारा सहज म्हणेल, की जहाज १८६५ साली बुडाले. पण ते साल मंगळूरला कारखाना सुरू झाला त्याचे आहे. छाप पुढेही तोच चालू राहिला. जहाज बुडाले ते त्यानंतर, एवढेच त्यावरून ठरते. शोध घेणाऱ्याची खरी परीक्षा अशा ठिकाणी होते. तळावर दिसलेले साल वाचणे सोपे, त्याचा अर्थ लावताना हात आवरणे अवघड.

तिसऱ्या ठिकाणी, आमी नावाच्या उथळ खडकांवर, वाफेच्या जहाजाचे अवशेष आहेत : बॉयलर, इंजिनाचे भाग आणि भट्टीतल्या उष्णतारोधक विटा. या विटांवर बनवणाऱ्याचा छाप असतो, आणि त्यावरून जहाजाचा देश व काळ यांचा माग लागतो. हे वाचले तेव्हा मला आमच्या कारखान्यातल्या विटांचे ढिगारे आठवले. नोकरीच्या काळात मी त्यांच्यावर बसून डबा खाल्ला आहे, पण त्यांवर काय कोरले आहे ते वाचण्याचे मला कधी सुचले नाही.

आता कोणी विचारील, की या वस्तू वर काढून संग्रहालयात का मांडू नयेत? प्रश्न रास्त आहे. पण ‘मेरी रोज’चे लाकूड वर आल्यावर त्यावर प्रथम गार पाण्याचा आणि मग मेणासारख्या एका द्रव्याचा फवारा २०१३ पर्यंत चालू ठेवावा लागला, ‘वासा’वर तो सतरा वर्षे चालला. एका बिडाच्या तोफेतले क्षार काढायचे, तर ती कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात बुडवून, तीतून विजेचा मंद प्रवाह सोडून, कित्येक महिने, प्रसंगी कित्येक वर्षे ठेवावी लागते. ज्याच्यापाशी टाकी नाही, रसायनज्ञ नाही आणि धीर नाही, त्याने तोफ वर काढणे म्हणजे मी केले तेच मोठ्या प्रमाणावर करणे होय. म्हणूनच युनेस्कोने २००१ साली केलेल्या आंतरराष्ट्रीय करारात, अशा वस्तू जागच्या जागी राखणे हा पहिला पर्याय मानला आहे. मला स्वतःला हा नियम ब्रह्मवाक्य वाटत नाही. जेथे गाळ उपसणारी यंत्रे किंवा तळ खरवडणारी जाळी फिरणार आहेत, तेथे वस्तू जागच्या जागी ठेवणे म्हणजे ती गमावणेच. परंतु वर काढायची तर आधी टाकी बांधावी, मग दोर सोडावा.

आणि हौशी बुडी मारणाऱ्याचा हात हा तर या सर्वांहून मोठा धोका. उथळ पाण्यातले जहाज कोणालाही गाठता येते. एक बशीचा तुकडा, एक खिळा, आठवण म्हणून घरी नेला तर काय बिघडले, असे प्रत्येकाला वाटते. सुंचीच्या तळावर पाणघोड्याचा दात तोफेजवळ होता, की रांजणाच्या तुकड्यांजवळ, यावरून तो मालाचा भाग होता की कोणा खलाशाची खाजगी ठेव, याचा विचार करता येतो. दात कोणाच्या दिवाणखान्यात गेला, की तो नुसता दात उरतो.

गेल्या वर्षी मामेभावाचा फोन आला. “दादा, तसलाच एक गोळा पुन्हा जाळ्यात आलाय. तांडेल विचारतोय, फोडू का?” मामा आता नाहीत, तांडेलही त्या जुन्या तांडेलाचा मुलगा. मी म्हणालो, “फोडू नका आणि वाळवूही नका. पिंपात गोडे पाणी घ्या, त्यात धुण्याचा सोडा घाला आणि गोळा कवचासकट बुडवून ठेवा. आणि आधी मला हे सांगा, की जाळे कोठे टाकले होते?” तांडेलाने क्षणाचाही विलंब न लावता सांगितले : देवळाचा कळस मागच्या टेकडीवरच्या वडाशी एका रेषेत येतो आणि खाडीपलीकडची वाडी खडकाआड जाते, तेथे, पाणी सहा-सात वाव. मी ते शब्दशः लिहून घेतले आणि पुरातत्त्व खात्याला पाठवायच्या पत्रात तसेच घातले.

पिंप अजून परसात, विहिरीच्या कडेला आहे. मामेभाऊ दर पंधरवड्याला पाणी बदलतो. पहिले काही महिने ते चहासारखे तांबूस होई, आता निवळत चालले आहे. पहिला गोळा कोठून आला होता, तेही मी त्या तांडेलाला विचारले. तो म्हणाला, “ते बाबांना ठाऊक होते.”